हजेरी शेवटी घेणारे काका

“पहिल्या बाकावर बसू नका. तिथं पंखा लागत न्हाई.”

कॉलेजात मला मिळालेला हा पहिला कामाचा सल्ला. त्याआधी अडीच तास आम्हाला हॉलमध्ये कोंबून इंडक्शन दिलं होतं. ट्रस्टी बोलले, प्राचार्य बोलले, मग कोट घातलेले एक पाहुणे बोलले. पाहुण्यांनी सगळ्यांना उभं करून डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, पाच वर्षांनंतरचे तुम्ही तुम्हाला दिसताय का बघा. मी बघितलं. मला भूक लागलेली मीच दिसले. नंतर आमच्या बॅचला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, वर्कशॉपला पाठवलं. तिथे साठीच्या आसपासचा, खाकी ॲप्रन घातलेला, चांगलं पोट सुटलेला एक माणूस स्टुलावर बसून शेंगदाणे खात होता. त्याने आम्हाला उभंच ठेवलं, शेंगदाणे संपवले, टरफलं पुडीत बांधली, हात झटकले आणि ते पंख्याचं वाक्य टाकलं. एक मुलगी लगेच वहीत लिहून घ्यायला लागली. तर म्हणाले, लिवू नका, लिवलेलं कोण वाचतंय.

मी हात वर करून म्हटलं, “सर...”

“सर एसीत बसत्यात. मला काका म्हणा.”

तर हे काका. आमच्या कॉलेजच्या फिटिंग शॉपचे इन्स्ट्रक्टर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, मग तुम्ही कॉम्प्युटरला असा नाहीतर सिव्हिलला, आठवड्यातून एकदा वर्कशॉप असतं. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि कानशीने घासत बसायचं. का घासायचं हे कुणी सांगत नाही. काकांना एकाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, माझ्या बी टायमाला सांगितलं न्हवतं, तू घास.

काका मूळचे तिथलेच, कॉलेजच्या मागच्या गावचे. त्यांच्या हरभऱ्याच्या रानावर कंपनी उभी राहिली आणि जमीन दिली म्हणून त्यांना त्याच कंपनीत नोकरी लागली. बापानं जिथं हरभरा पेरला तिथं मी सत्तावीस वर्षं पंच मारला, असं ते सांगायचे. प्रेसशॉपमधल्या तिसऱ्या मशीनच्या बरोबर खाली त्यांची विहीर होती म्हणे. पुढे कंपनीने व्हीआरएस देऊन सगळ्यांना घरी पाठवलं. “रान गेलं, नोकरी गेली. विहीर तेवढी आसंल आजून खाली.” हे सांगताना ते हसायचे. आपण हसावं की नाही ते आम्हाला कळायचं नाही, म्हणून आम्हीही हसायचो.

त्यांची हजेरी शेवटी असायची. बाकी सगळ्या कॉलेजात तास सुरू होताना हजेरी, आणि 'येस सर' झालं की मागच्या दाराने निम्मी पोरं कॅन्टीनला. काका म्हणायचे, सुरवातीला सगळेच आसत्यात, लग्नात बी सुरवातीला सगळेच आसत्यात, वाढायला कोण थांबतंय ते बघायचं. तास संपला की आम्हाला रांगेत उभं करून तळवे पुढे करायला लावायचे. तळवा काळा असेल तर हजर, गोरा असेल तर गैरहजर. नाव विचारायचे नाहीत. एका हुशाराने व्हाइसच्या दांड्याचं ग्रीस हाताला फासून बघितलं. काकांनी त्याच्या हाताचा वास घेतला आणि म्हणाले, लेका, ह्ये ग्रीस हाय, घाम न्हाई. त्या पोराचं पुढे वर्षभर नाव ग्रीस पडलं. परवा लिंक्डइनवर दिसला, कुठल्याशा कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट झालाय. मी अभिनंदन केलं, पण मनात ग्रीसच म्हटलं.

यंदा माझ्या मावशीच्या मुलीचं इंजिनीअरिंगला ॲडमिशन झालं. मावशीचा फोन, तू शिकलेली आहेस, चाकणला एवढ्या मोठ्या कंपनीत क्वालिटीला आहेस, तिला चार शब्द सांग. मी सांगितले. म्हटलं, बंक मारायचा तर सकाळचा तास मार, दुपारचा मारू नको, दुपारची झोप वर्गातच चांगली लागते. प्रोफेसरला शंका विचारायची तर तो एकटा असताना विचार, चारचौघांत विचारलीस आणि त्यालाही येत नसली की तो तुला चार वर्षं विसरणार नाही. मैत्रीण करताना बघ, डब्याचं झाकण लावून कोण खातं आणि उघडा ठेवून कोण खातं. एवढ्यात मावशीने तिच्या हातातून फोन काढून घेतला. मावशीला काय सांगणार, हे माझं नाही, हे काकांचं आहे आणि चार वर्षांत ह्यातलं एक वाक्य खोटं निघालं नाही.

सगळ्यात मोठा सल्ला त्यांनी बीडच्या एका मुलाला दिला होता. हा मुलगा हॉस्टेलला राहायचा आणि वर्कशॉपमध्ये कानस मारता मारता डोळे पुसायचा. आम्हाला वाटायचं लोखंडाचा कीस गेला डोळ्यात. काकांनी त्याला बाजूला घेतलं, काय झालं विचारलंच नाही, घरी फोन कधी करतोस एवढंच विचारलं. तो म्हणाला, संध्याकाळी, मेसला जायच्या आधी. “तिथंच चुकतंय तुझं,” काका म्हणाले. “उपाशीपोटी आयला फोन करायचा न्हाई. तूबी रडतो, तीबी रडती. जेवून कर.” पोरगा त्या दिवसापासून जेवून फोन करायला लागला. रडायचा थांबला. आमच्या कॉलेजात समुपदेशन कक्षही होता. त्याला कुलूप असायचं आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला माहीत नव्हतं.

मोबाइलला त्यांची मनाई नव्हती. उलट कुणी मोबाइल काढला की म्हणायचे, काढलाच हायस तर बघ, चाकणला आज कांदा काय निघाला. शेती उरली नव्हती, पण भाव रोज लागायचा.

आता मुद्द्याचं. पहिले दोन महिने काकांनी आम्हाला फक्त एक बाजू सपाट करायला लावली. घासायचं, आणि त्यांच्याकडे न्यायचं. ते गुण्या लावायचे, म्हणजे काटकोन बघायचं ते लोखंडी अवजार, आणि दोन्ही मिळून खिडकीकडे धरायचे. गुण्या आणि तुकडा ह्यांच्या मधून उजेड दिसला की परत पाठवायचे. माझ्या तुकड्यातून तर शेजारच्या शेडमधली माणसं दिसायची. “पोट सुटलंय,” असं म्हणून ते स्वतःच्या पोटावर थाप मारायचे. कानस पुढे ढकलताना माणसाचा हात डोलतो, त्यामुळे कडा जास्त घासल्या जातात आणि मधे फुगवटा राहतो. हातानं घासलेल्याला थोडं पोट राहतंच, ते कमी करत जायचं, बास, असं त्यांचं म्हणणं. माझं कमी होत नव्हतं. हाताला फोड आले, फोड फुटले, त्यावर परत फोड आले. मी तीन तुकडे वाया घालवले.

सेमिस्टरचा जॉब होता मेल-फीमेल. लोखंडाचे दोन चौकोनी तुकडे, एकाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बरोबर बसेल असा दांडा. सगळं कानशीने. आता गंमत अशी, की आमचं कॉलेज भोसरीपासून बसने अर्ध्या तासावर. आणि भोसरीत दर दुसऱ्या गाळ्यात लोखंड कापायचं मिलिंग मशीन. बाकी गावात पोरं परीक्षेत कॉपी करत असतील, आमच्याकडे पोरं कॉलेजचा जॉब चुलत्याच्या, मामाच्या, शेजाऱ्याच्या गाळ्यात मशीनवर काढून आणायची. हातानं घासलेला म्हणून मायक्रॉनमध्ये बसणारा जॉब सबमिट करायचा, इतकी अक्कल फक्त आमच्या भागातली पोरंच दाखवू शकतात.

त्या वर्षी एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, नवे आले होते. पीएचडी, पांढरे बूट. तेल लागेल म्हणून शॉपच्या पिवळ्या पट्टीच्या आत पाय ठेवायचे नाहीत. त्यांनी नोटीस लावली, बाहेरून जॉब आणलेला सापडला तर टर्मवर्कचे मार्क नाहीत आणि पालकांना केबिनमध्ये बोलावणार. आणि खरंच बोलावलं. एका मुलाचे वडील चाकणहून पहिली शिफ्ट करून तसेच आले होते, अंगात कंपनीचा शर्ट, छातीला बिल्ला. मी जर्नल घ्यायला गेले होते, केबिनचं दार उघडं होतं. एचओडी त्यांना तीन प्राध्यापकांसमोर सांगत होते, तुम्हीच घरून चोरी शिकवून पाठवता, मग आम्ही काय घडवणार. तो माणूस हेल्मेट पोटाशी धरून उभा होता आणि प्रत्येक वाक्याला हो साहेब म्हणत होता. मला तिथून लवकर निघता आलं नाही, जर्नल सापडत नव्हतं.

माझे बाबा भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडर चालवायचे, म्हणजे फिरत्या दगडाने लोखंड आरशासारखं सपाट करायचं मशीन. सहा मशीनचा गाळा, अठरा वर्षं एकाच मशीनवर. दहावीनंतर त्यांचा आयटीआयला नंबर लागला होता, पण त्याच महिन्यात आजोबांची कंपनी बंद पडली आणि बाबा कामाला लागले. हे ते कधी सांगत नसत, आई सांगायची, तेही भांडताना. मी घरातली इंजिनीअरिंगला गेलेली पहिली. माझं आयकार्ड त्यांनी स्वतः प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं.

त्यांनी माझे हात बघितले. दुसऱ्या दिवशी माझ्या वहीतून जॉबच्या ड्रॉइंगचा कागद गायब, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. आत तेल लावलेला जॉब. शेजारच्या मिलिंगवाल्याकडून खाच काढून घेतली होती, बाकी सगळं स्वतः ग्राइंडरवर, जेवणाच्या सुट्टीत, तीन दिवस. दांडा खाचेत सरकवला तर वाऱ्यालाही आत जायला जागा नव्हती. “बघ, आपटून बघ, सुटतोय का,” म्हणाले. मी आपटला. नाही सुटला. बाबा इतके हसले, की मला सांगताच आलं नाही, बाबा, हा हातानं करायचा असतो, हा मला चालत नाही.

माझं चुकलं ते पुढे. मी कानस घेऊन त्याच्यावर ओरखडे ओढायला बसले, हातचा वाटावा म्हणून. दोन ओढले आणि तिसऱ्याला हात उचलेना. एवढ्या सुंदर वस्तूवर कानस मारायची म्हणजे पाप. म्हणून वरच्या अंगाला दोन रेघा आणि बाकी आरसा, असा तो जॉब घेऊन मी काकांसमोर उभी राहिले.

काकांनी गुण्या लावला, खिडकीकडे धरला. काळोख. फिरवला. काळोख. चारही बाजूंनी बघून झाल्यावर त्यांनी अंगठा फिरवला, खाचेच्या आतल्या कोपऱ्यात नख घातलं, आणि मग माझा तळवा मागितला. तळवा काळा होता, फोड होते, हजेरीला अगदी पास.

“ह्या हातानं ह्यो जॉब झालेला न्हाई,” ते म्हणाले.

मी म्हटलं, मीच केलाय. खोटं बोलताना माझा आवाज चढतो, तसा चढला. काकांनी आवाज चढवला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, भोसरीला करून आणलेले जॉब मी शंभर बघितल्यात. पैसे घेऊन करणारा आतल्या कोपऱ्यातली धार कधी मारत न्हाई, कुणाला दिसती ती. ह्या माणसानं ती ऑइलस्टोननं, बारीक दगडानं घासून मारलीय, पोरीच्या बोटाला लागू नये म्हणून. “बापानं केलाय. शनवारी घिऊन ये त्यांना.”

माझ्या डोळ्यांसमोर तो हेल्मेटवाला माणूस. मी काकांना अक्षरशः हात जोडले. मला नापास करा, टर्म घालवा, वर्ष घालवा, पण त्यांना बोलावू नका. वर्ष गेलं असतं तर मी आणखी एक वर्ष घासलं असतं. पण बाबांना कुणीतरी पांढऱ्या बुटातला माणूस सांगणार, की तुमच्या हातून झालेली ही चांगली गोष्ट म्हणजे चोरी आहे, आणि बाबा हो साहेब म्हणणार, हे मला बघवलं नसतं. काका म्हणाले, नापास करायचं का न्हाई ते माझं मी बघतो, तू त्यांना आण. आणि पुढच्या मुलाचा जॉब खिडकीकडे धरला.

घरी मी एवढंच सांगितलं, की शॉपच्या काकांनी तुम्हाला बोलावलंय. बाबांचा चेहरा उजळला. जॉब आवडला असेल, म्हणाले. ताप आला तरी सुट्टी न घेणाऱ्या माणसाने अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि चौदा एप्रिलचा पांढरा शर्ट काढून इस्त्री केला. भोसरीहून आळंदीच्या बसमध्ये बसलो. बसमध्ये पखवाज घेतलेली वारकरी शिक्षणसंस्थेची मुलं, मधे आम्ही दोघं. बाबा वाटेत मला चार वेळा विचारत होते, काका कुठल्या मशीनवर होते, कुठल्या कंपनीत होते, ग्राइंडिंग येतं का त्यांना. मी खिडकीबाहेर बघत होते. तोंड उघडलं असतं तर सगळं सांगून टाकलं असतं, आणि सांगायची हिंमत नव्हती.

शनिवारी सबमिशन राहिलेल्यांसाठी शॉप उघडं असायचं. आत सात-आठ पोरं घासत होती. बाबा दारात चप्पल काढायला लागले, तर काका ओरडले, घाला घाला, पायात कीस जाईल. बाबांच्या तोंडून गडबडीत जयभीम निघून गेलं, मग नमस्कार म्हणाले. काका म्हणाले, जयभीम, या, आणि स्वतःचं स्टूल त्यांना दिलं.

मग काकांनी जॉब काढला आणि विचारलं, ग्राइंडरच्या चुंबकावर धरला कसा एवढासा तुकडा, हलला न्हाई? झालं. पुढचा पाऊण तास मी तिथे नव्हतेच. बाबा सांगत होते, बाजूला दोन पट्ट्या लावून कसा अडकवला, दगड कितीदा साफ केला, शेवटचा कट घेताना श्वास कसा धरला. काका विचारत होते आणि मान हलवत होते. माझ्या बापाला आयुष्यात कुणी एवढे प्रश्न विचारलेले मी बघितले नव्हते. मालक विचारायचा तो एकच, किती नग झाले. मी व्हाइसला टेकून उभी आणि आता कधी तोडतात, आता कधी तोडतात ह्याची वाट बघत होते.

काकांनी ड्रॉवरमधून जर्नलचा एक कोरा कागद काढला. त्यावर मेल-फीमेल असं नाव घातलं, बाबांना त्यांचं पूर्ण नाव विचारून वर ते लिहिलं, वर्गाच्या जागी फर्स्ट इयर लिहिलं. मग खाली मार्क टाकले, सही केली, 'तपासले'चा शिक्का उठवला आणि कागद बाबांच्या हातात दिला. पंचवीसपैकी बावीस.

बाबांनी कागद दोनदा वाचला. आणि मग, अठरा वर्षं मशीनवर काढलेला ऑपरेटर तो, लगेच विचारलं, “तीन कुठं कापले?”

“दुसऱ्याच्या नावावर दिला म्हणून,” काका म्हणाले.

शॉपमध्ये कानशींचा आवाज चालू होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. कानापर्यंत लाल झाले. उठून उभे राहिले. म्हणाले, हिची चूक नाही, हिने मागितला नव्हता, मीच कागद नेला, मला काय बोलायचं ते बोला.

“बोलायचं काय त्यात,” काका म्हणाले. “तीन गेले की तुमचे. मिटलं. आता हिचं बघू.”

त्यांनी मला नवे दोन तुकडे दिले आणि व्हाइसवर उभं केलं. बाबा शेजारी. मी कानस मारायला लागले. पाच मिनिटांत बाबांचा हात पुढे आला, माझं कोपर सरळ करायला. काकांनी लांबूनच हाक दिली, “हात मागं.” बाबांनी हात मागे घेतले. थोड्या वेळाने परत पुढे आले. परत हाक. तिसऱ्यांदा बाबांनी स्वतःच मागे घेऊन एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. तीन तास ते तसेच उभे होते. माझी कानस वाकडी गेली की त्यांच्या तोंडून च्चक यायचं, पण हात आले नाहीत. काका म्हणाले, इंडक्शन पोरांचं घेत्यात, खरं तर बापांचं घ्याला पायजे.

आणि अशा वेळी एचओडी आले. पिवळ्या पट्टीपाशी थांबले. फर्स्ट इयरच्या पोरांमधे पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला, हात मागे बांधलेला माणूस बघून त्यांनी विचारलं, हे कोण? माझ्या हातातली कानस थांबली. आता काका पालक म्हणणार, मग एचओडी कशाला बोलावलं विचारणार, मग केबिन.

काकांनी वरसुद्धा बघितलं नाही. “फर्स्ट इयर. ॲडमिशन लेट झालंय.”

एचओडींनी बाबांकडे बघितलं. बाबांच्या हातात तो शिक्का मारलेला कागद होता, मागे धरलेला. एचओडींनी आपल्या बुटांकडे बघितलं, काकांकडे बघितलं, ओके, कॅरी ऑन म्हणाले आणि गेले. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला आजतागायत माहीत नाही. काकांनी कुणाला तरी कांद्याचा भाव बघायला सांगितला.

माझा जॉब संध्याकाळी झाला. दांडा खाचेत गेला, पण आत गेल्यावर इकडून तिकडे डुलत होता. काकांनी खिडकीकडे धरला आणि म्हणाले, ढेकूण चालत जाईल एवढी फट हाय, पन तुजी हाय. चौदा दिले. मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि त्या चौदाइतके मला पुढे आयुष्यात कुठलेच मार्क आवडले नाहीत.

काका त्यानंतर दोन वर्षं होते. मग पात्रतेच्या कागदांची काहीतरी तपासणी आली, आणि त्यांना निरोप न देताच कमी केलं. फिटिंग शॉपमध्ये आता व्हिडिओवर कानस मारून दाखवतात असं ऐकलं. मी त्यांना शेवटचं भेटले ते भोसरीच्या स्टॉपवर. काय करतेस विचारलं नाही, जेवलीस का विचारलं.

पण त्या शनिवारचं राहिलं. परतताना बसला गर्दी होती, आम्हाला दारापाशी उभं राहावं लागलं. बाबांनी कागद घडी न घालता दोन बोटांत धरला होता, कुणाचा धक्का लागू नये म्हणून वर उचलून. भोसरी यायच्या आधी हळू आवाजात म्हणाले, खरं सांगू का, मी तो तुझ्यासाठी नव्हता केला. ड्रॉइंगवर कॉलेजचं नाव होतं, फर्स्ट इयर लिहिलेलं होतं. ते बघून केला. एकदा करून बघावंसं वाटलं. मी म्हटलं, बाबा, मग तुमचे तीन कापले ते बरोबरच कापले. तर म्हणाले, बरोबरच कापले.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. दिवसभर तिच्या जिवाला घोर. कशाला बोलावलं होतं, पोरीने काय केलं, आधी ते सांगा म्हणाली.

“काही नाही गं,” बाबा चप्पल काढत म्हणाले, “रिझल्ट होता.”

“किती पडले?”

“हिला चौदा,” बाबा म्हणाले, “मला बावीस.”